नोंद क्रमांक दोनशे चौदा

सातारा,
सोमवार, १२ जानेवारी १९७६

ती. सयाजीदादा यांस,
कृष्णातचा सा. नमस्कार.

अक्षर ओळखून पत्र न उघडताच बाजूला ठेवाल अशी भीती होती, म्हणून पाकिटावरचा पत्ता छापखान्यातल्या दुसऱ्या माणसाकडून लिहून घेतला. त्याबद्दल आधीच माफी मागतो. आई बरी आहे.

मी चार वर्षांपासून इथल्या एका छापखान्यात खिळे जुळवतो. आठवीनंतर शाळा सुटली तरी शुद्धलेखन पक्के राहिले, म्हणून मालक प्रुफेही माझ्याकडेच देतात. गेल्या महिन्यात इथल्या शहर इतिहास संग्रहालयाची वस्तूंची यादी आमच्याकडे छपाईला आली. तिच्यातली एक नोंद जशीच्या तशी उतरवतो :

“२१४. देवघरातील चांदीचे टाक, नग पाच (खंडोबा, भवानी, जोतिबा, म्हसोबा, घोड्यावरील वीर). मागे तांब्याची पत्री. दाते : श्री. सयाजी मारुती फडतरे, सांगली. प्राप्ती : ३ जून १९७०.”

मी खिळे जुळवत “सयाजी मारुती”पर्यंत आलो आणि तिथेच थांबलो. मालकांनी विचारले, काय झाले? मी म्हणालो, अक्षर लागत नाही.

मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. मला आठवते ते असे, चुकत असेल तर कळवा. तुम्ही लग्न केलेत. थोरला मुलगा म्हणून देव तुमच्याकडे सांगलीला होते. आबांनी निरोप धाडला की, जैनाच्या मुलीच्या घरात आमचे देव राहणार नाहीत, आणि तुझ्या हातून परत घेणारही नाही. त्यावर तुमचे पत्र आले की, देव घाटावर कृष्णेत सोडले. त्या दिवसापासून आबांनी तुमचे नाव टाकले. आईने देव्हाऱ्यात पाच सुपाऱ्या मांडल्या. आबा गेले तरी अजून सुपाऱ्याच आहेत.

देव नदीत नव्हते. इथे होते, आमच्या खोलीपासून पंधरा मिनिटांच्या वाटेवर.

तीन दिवस मी हे कोणाला सांगितले नाही. मग एकटा जाऊन आलो. माडीवर तीन दालने आहेत. पहिल्यात पेठांचा नकाशा, जुन्या नळयोजनेचे खापरी नळ, चावडीची घंटा. दुसऱ्यात धान्याची मापे आणि कुलपे. तिसऱ्यात घरगुती वस्तू. आपले देव तिथल्या खिडकीजवळच्या कपाटात हिरव्या कापडावर मांडले आहेत. काळे पडले आहेत, पण आहेत.

काल रविवारी आईला नेले. कुठे चाललो ते सांगितले नव्हते. तिने माडीच्या दारात चपला काढल्या. तिथे हंबीरराव म्हणून पहारेकरी आहेत, पलटणीतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “आक्का, चपला घाला. ह्ये देऊळ न्हाई.”

मग तिने कपाट पाहिले. नंतर हंबीररावांनाच म्हणाली, “देऊळ न्हाई म्हंता, मग आत देव कशाला बसवल्यात? आन् त्येबी आडकित्त्याशेजारी?”

“मी न्हाई बसवलं, आक्का. सायबांनी बसवल्यात.”

“सायबाला सांगा, ह्यो मधला हाय न्हवं, त्याला मी रोज न्हाऊ घातलाय. सोळा वर्सं.”

तिने कनवटीची भंडाऱ्याची पुडी सोडली आणि काचेवर उधळली. हंबीरराव ओरडतील म्हणून मी पुढे झालो. त्यांनी रुमालाने काच पुसली, आणि रुमालाला लागलेला भंडारा आपल्या कपाळाला लावला.

तुम्ही देव का बुडवले नाहीत, हे आईने मला विचारले. तुम्हीच कळवा.

आता मुख्य काम. माझे लग्न कोरेगावच्या लीलाशी ठरले आहे. २५ तारखेला साखरपुडा. आई म्हणते, देव घरी आल्याशिवाय ती सुपारी फोडू देणार नाही. संग्रहपाल टेंबे साहेब भले आहेत. म्हणतात, तीन दिवसांसाठी वस्तू नेता येतील, पण दात्याच्या सहीचा अर्ज पाहिजे. अर्ज लिहून सोबत जोडला आहे. खाली सही करून उलट टपाली धाडा. एवढेच मागतो.

तुमचा,
कृष्णात


सातारा,
गुरुवार, २२ जानेवारी १९७६

ती. दादा यांस,
सा. नमस्कार.

दहा दिवसांत उत्तर नाही. पत्र पोहोचले असावे, परत आलेले नाही.

अर्जाचे काम इकडेच झाले. तुम्ही आता त्रास घेऊ नका. साहेबांनी परवानगी दिली. शनिवारी देव घरी येतील. सोमवारी सव्वीस जानेवारीची सुटी, म्हणून मंगळवारी सकाळी परत करायचे. हंबीरराव आपण होऊन जामीन राहिले. म्हणाले, “पोरा, मी ढीगभर लोकास्नी हितं ढाली-तलवारी बघताना बघितलंय. रडताना कोण बघितलं न्हाई.” त्यांनी रजिस्टरात सही केली तेव्हा मला बरे वाटले नाही. का, ते आता लिहीत नाही.

साहेबांनी माझ्यासमोर टाक तोलले. रजिस्टरात जुने वजन आहे, ते बरोबर जुळले. प्रत्येकाच्या मागे पांढऱ्या रंगाच्या पट्टीवर बारीक काळ्या शाईत नंबर घातला आहे, २१४/१ ते २१४/५. साहेब म्हणाले, या नंबराला हात लावू नका, तोच यांचा जन्मदाखला.

संग्रहालयाकडून तुम्हांला काही विचारणा आली तर घाईने उत्तर देण्याची गरज नाही. न दिले तरी चालेल.

आईला अंगारकीपासून खोकला आहे, पण उत्साह फार आहे.

तुमचा,
कृष्णात


सातारा,
बुधवार, २८ जानेवारी १९७६

ती. दादा यांस,

मी संकटात आहे. क्रमाने लिहितो, म्हणजे काही सुटणार नाही.

शनिवारी सकाळी मी देव आणले. पाटावर ठेवले आणि आईला बजावले की, पाणी घालू नको, फक्त फूल वाहा. मग छापखान्यात गेलो. आईला माझे सांगणे कळले नव्हते असे नाही. पण घरात कार्य असले की, आधी देव सोनाराकडून उजळून आणायचे, हा आपल्याकडचा रिवाज. तुमच्या लग्नाच्या वेळी ती सांगलीला येणार होती ते त्यासाठीच. ती देव घेऊन पेठेतल्या सोनाराकडे गेली. सोनार म्हणाला, मागची तांब्याची पत्री चिरली आहे, देव हातात मोडतील. आई म्हणाली, मग नवी बसवा. त्याने जुनी पत्री काढून मोडीत टाकली, नवी बसवली आणि टाक रिठ्याच्या पाण्यात उकळून घासले.

संध्याकाळी घरी आलो तर पाचही देव पाटावर लखलखत होते. आई म्हणाली, “बघ, कसं हासत्यात.”

मी उलटे करून पाहिले. नंबर नव्हते. मी सोनाराकडे धावलो. मोड त्याच दुपारी मुशीत गेली होती.

रविवारी साखरपुडा झाला. लीलाच्या वडिलांनी देवांना नमस्कार केला. मी पेढा तोंडात धरून उभा होतो.

काल मंगळवारी देव परत नेले. टेंबे साहेबांनी एकेक हातात घेतला. तोलले. वजन प्रत्येकाचे जास्त भरले. त्यांनी आवाज चढवला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाले, “हे आमचे टाक नव्हेत, फडतरे. नवे करून आणलेत. जुने कुठे आहेत?” मी सगळे सांगितले. त्यांनी सोनाराला बोलावले. सध्या चांदी-सोन्याच्या दुकानांवर धाडी पडत आहेत, तुम्ही ऐकले असेल. सोनार आला आणि म्हणाला, मी संग्रहालयाच्या वस्तूला हात लावलेलाच नाही, या बाईला ओळखत नाही. आई त्याला म्हणाली, “आरं, तुझ्या दुकानात बसून च्या प्याले की मी शनवारी!”

यादीत फोटो नाहीत. साहेब म्हणतात, टाक ओळखू शकेल असा एकच माणूस कागदावर आहे, तो म्हणजे दाता. पुढच्या गुरुवारी, ५ फेब्रुवारीला दुपारी दोनला समितीची बैठक आहे. त्या दिवशी दात्याने येऊन टाक ओळखून लेखी दिले तर ठीक, नाहीतर पोलिसांत फिर्याद. हंबीररावांना कालपासून घरी बसवले आहे.

आता जे मागच्या पत्रात लपवले ते. अर्जावर सही मी केली. आबांच्या ट्रंकेत तुमचे ते कृष्णेचे पत्र होते. त्यावरची सही पाहून प्रुफाच्या कागदावर अकरा वेळा गिरवली आणि बाराव्या वेळी अर्जावर केली. म्हणून तुम्हांला विचारणेचे उत्तर देऊ नका असे लिहिले.

तुम्ही आलात तर साहेब ती सही तुमच्यापुढे ठेवतील. तुम्ही माझी नाही म्हणालात तर ते खरेच असेल, आणि मी त्याबद्दल तुम्हांला दोष देणार नाही. तरी या.

कृष्णात


सातारा,
रविवार, १ फेब्रुवारी १९७६

दादा,

उत्तर नाही. साहेबांनी तुम्हांला रजिस्टर पत्र धाडले आहे, त्याची पोच आल्याचे कळले. सही “गुणमाला” अशी आहे. म्हणजे वहिनींनी घेतले, पत्र घरात आहे.

आज हंबीररावांच्या घरी गेलो. दारातच ते म्हणाले, “आत ये की रं. तोंड आसं का केलंयस, मी का मेलोय?” त्यांच्या बायकोने मात्र पाणी दिले आणि लगेच आत गेली. हंबीररावांना मी सहीचे सांगितले. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, “गड्या, लढाईत बी आसं आसतं. एकानं चूक करायची, शेजारच्यानं खंदकात बसायचं.” रागावले असते तर बरे झाले असते.

लीलाच्या घरी अजून काही कळलेले नाही. छापखान्यात कळले आहे. मालकांनी यादीची प्रुफे माझ्याकडून काढून घेतली.

मला पोलिसांनी विचारले तर मी खोटे बोलू शकणार नाही, माझी जीभ अडखळते. सगळे सांगायचेच तर आणखी एक गोष्ट आधी तुम्हांला सांगतो, ती मी सहा वर्षे कोणाला सांगितली नाही. तुमचे आणि वहिनींचे आबांना मीच सांगितले होते. मी तुमच्याकडे राहायला आलो तेव्हा तुम्हां दोघांना हरिपूरच्या वाटेवर पाहिले होते. तुम्ही मला शपथ घातली होती. आबांनी मला काही विचारलेही नव्हते. जेवताना मी आपण होऊन सांगितले, कारण त्या दिवशी ते तुमचे फार कौतुक करत होते.

हे वाचून तुम्ही आला नाहीत तर मी समजेन. पण हंबीररावांचा यात काही दोष नाही, आणि आईचाही नाही. देव चकचकीत करणे हा तिच्या लेखी गुन्हा कसा असेल?

गुरुवार, दुपारी दोन.

कृष्णात


सातारा,
रविवार, ८ फेब्रुवारी १९७६

ती. दादा व ती. सौ. वहिनी यांस,
कृष्णातचा सा. नमस्कार.

तुम्ही दोघे जिना उतरून गेलात त्यानंतरचे तुम्हांला माहीत नाही, म्हणून लिहितो. आणि आत समितीपुढे काय झाले ते आम्हांला माहीत नव्हते, ते हंबीररावांनी सांगितले. जामीन म्हणून समितीने त्यांनाही आत बसवले होते.

ते म्हणाले, साहेबांनी टाक तुमच्यापुढे ठेवले आणि तुम्ही एकेक उलटून पाहिलात. तुम्हांला ते ओळखता आले नाहीत, हे त्यांना तुमच्या तोंडावर दिसले. इतके नवे दिसत होते. मग तुम्ही म्हणालात, “आईनं उजळून आणलेत ना? मग तेच आहेत. ती दुसऱ्याचे देव घासत बसणार नाही.” समितीतले एक वकील हसले, असे हंबीरराव सांगतात.

नंतर साहेबांनी अर्ज पुढे केला. विचारले, ही सही तुमची का? तुम्ही म्हणालात, माझी. साहेबांनी १९७० च्या पावतीवरची सही शेजारी धरली. तुम्ही म्हणालात, “तेव्हा घाईत केली होती. ही सावकाश केली आहे.” साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुढे काही विचारले नाही.

दादा, मी यावर काय लिहू?

समितीने ठराव केला की, नंबर व मूळची पत्री गेल्यामुळे वस्तू संग्रहात ठेवण्यास योग्य राहिलेली नाही, सबब दात्यास परत करावी. हंबीरराव शुक्रवारपासून कामावर आहेत. त्यांच्या बायकोने काल चहा दिला.

आता बाहेरचे. तुम्ही टॉवेलात बांधलेले देव घेऊन आलात. आई बाकावर होती, तिने मान भिंतीकडे केली होती. तुम्ही गाठोडे तिच्याशेजारी बाकावर ठेवलेत, वाकून नमस्कार केलात आणि गेलात. वहिनी जिन्याजवळ दोनदा थांबल्या, ते मी पाहिले. मला वाटले, आई उचलेल आणि आम्ही घरी जाऊ.

आई उचलेना. अर्धा तास गेला. मी म्हणालो, आई, चल. हंबीरराव आले आणि म्हणाले, “आक्का, घ्या की देव. आता कुणाच्या बापाला भ्यायाचं कारन न्हाई.”

आई म्हणाली, “त्यानं मला दिलं कुठं? बाकावर ठिवलं.”

“मग काय झालं?”

“देव का बाजारची पिशवी हाय, बाकावर ठिवायची आन् जायाचं? हातात द्यायाचं आसत्यात.”

मी म्हणालो, आई, आबांचेच शब्द होते, तुझ्या हातून घेणार नाही म्हणून. दादाने ते पाळले.

ती माझ्यावर इतकी चिडली की, खालून लोक वर बघायला आले. “ते शबूद तुझ्या बाचं. माझं कवा हुतं? मला कुणी इचारलं?” मग रडली. मी तिला आबा गेले तेव्हाही असे रडताना पाहिले नव्हते. म्हणाली, “पोरगं सा वर्सांनी म्होरं उभं ऱ्हायलं आन् मी भिताडाकडं बघत बसले. त्याला वाटलं आसंल, आय बी तसलीच.”

बंद करायची वेळ झाली तेव्हा तिने गाठोडे उचलले. घरी आणले, पण सोडले नाही. पाटावर तसेच ठेवले आहे. सुपाऱ्या होत्या तिथेच आहेत. शुक्रवारी सकाळी म्हणाली, “हे त्याचं त्याला न्यून देनार. देव थोरल्याच्या घरी आसत्यात.”

खरे लिहितो. मला राग आला. मी खोटी सही केली, तुरुंगाच्या दारापर्यंत गेलो, आणि देव सांगलीला जाणार. मी बोललोसुद्धा, मग एवढे कशासाठी केले? ती म्हणाली, “तू लगीन कर. गोंधळ सांगलीला घालू.” जणू पहिल्यापासून तसेच ठरले होते. दोन दिवस मी तिच्याशी नीट बोललो नाही. आज बोललो.

वहिनींविषयी तिने मला बरेच विचारले. स्वयंपाक कसा करतात, घरात कोणाची पूजा असते. मी म्हणालो, त्यांच्याकडे मांस शिजत नाही, मग म्हसोबाचे काय? ती म्हणाली, “सा वर्सं काचंत उपाशी बसला हुता. खाईल पुरन.”

येत्या रविवारी, १५ तारखेला, सकाळच्या पहिल्या गाडीने मी तिला घेऊन निघतो. अकरापर्यंत सांगली स्टँडवर असू. गाठोडे तिच्या मांडीवर असेल, ती ते मला धरू देणार नाही. तिला ते वहिनींच्या हातात द्यायचे आहे, तुमच्या नाही. “घरातलं बाईमाणूस घेतं,” म्हणाली. वहिनींनी फक्त दोन्ही हात पुढे करावेत आणि आधी हात धुतलेले असावेत, म्हणजे ती काही बोलणार नाही. त्यांच्या मनात नसेल तर तेही मोकळेपणी सांगावे. मी तिला काहीतरी समजावीन. कसे ते मला आज माहीत नाही.

तिचा एकच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत ती पिशवी भरणार नाही. तुमच्या दोन खोल्यांत पूर्वेच्या भिंतीला फळीभर जागा आहे का?

पत्राने उत्तर धाडू नका, तुमची पत्रे येत नाहीत. तार करा. शनिवारपर्यंत मी छापखान्याच्या दारातच आहे.

कृष्णात